आणखी पदवी नको, फाइल हातात द्या

दर वर्षी कायद्याचे निकाल लागले की तीनचार मुलं-मुली माझ्याकडे येतात. सनदेचा अर्ज कुणी भरलेला असतो, कुणाचा भरायचा असतो. प्रश्न मात्र ठरलेला: "सर, टॅक्समध्ये काम करायचंय. आधी एलएलएम करू की सीए?" हे कुणी डोक्यात घातलं असं विचारलं, की उत्तरंही ठरलेली. कॉलेजातल्या मॅडम म्हणाल्या, आतेभाऊ म्हणाला, मार्गदर्शनाच्या व्याख्यानात ऐकलं. सगळ्यांचा सांगावा एकच. नुसत्या एलएलबीला करक्षेत्रात कुणी विचारत नाही. तिथे सीएंचं राज्य आहे. पाय रोवायचे असतील तर टॅक्समधला एलएलएम हवा, तो जमत नसेल तर एखादा डिप्लोमा, आणि हिंमत असेल तर सरळ सीए.

सल्ला देणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण सल्ला चुकीचा आहे, आणि त्याची किंमत मोजणारी मुलं मी जवळून पाहतो आहे. दोन वर्षं जातात. घरच्यांनी कर्ज काढून उभे केलेले पैसे जातात. कामाला भिडायच्या वयातली उमेद जाते. आणि एवढं सगळं खर्चून ती मुलं पुन्हा त्याच दारात येऊन उभी राहतात. म्हणून हा प्रतिवाद.

माझा वाद अभ्यासाशी नाही. करकायद्यात वकिलाला जन्मभर अभ्यास करावा लागतो. ज्याला त्याचा कंटाळा आहे त्याने या वाटेला येऊच नये. माझा वाद आहे तो एलएलबीला लागूनच आणखी एक पदवी घेतल्याशिवाय या क्षेत्रात पाऊल टाकता येत नाही, या समजुतीशी. करक्षेत्रात येणाऱ्या नव्या वकिलाकडे दोन गोष्टी कमी असतात. त्याला हिशेब वाचता येत नाही, आणि त्याने एकही फाइल पहिल्या नोटिसीपासून शेवटच्या आदेशापर्यंत नेलेली नसते. या दोन्ही उणिवा एलएलएमच्या वर्गात भरून निघत नाहीत. त्या कार्यालयात बसूनच भरून निघतात.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. 1961 च्या आयकर कायद्याचं कलम 288 करदात्यातर्फे कोण उभं राहू शकतं हे सांगत होतं. त्यात भारतातल्या कोणत्याही दिवाणी न्यायालयात वकिली करण्याचा हक्क असलेला वकील होता, सनदी लेखापालही होता. 2025 च्या नव्या आयकर कायद्यातही ही व्यवस्था कायम आहे. जीएसटीच्या केंद्रीय कायद्याचं कलम 116 हेच सांगतं. म्हणजे सनद हातात पडली त्या दिवसापासून आयकर अधिकाऱ्यासमोर, अपिलात आणि न्यायाधिकरणात उभं राहायचा हक्क मिळतो. पुढे उच्च न्यायालयात गेलं, की युक्तिवाद फक्त वकिलानेच करायचा असतो. जीएसटी अपिलीय न्यायाधिकरणावर न्यायिक सदस्य म्हणून वकील नेमायचा झाला, तर कायदा त्याच्याकडून दहा वर्षांची वकिली आणि अप्रत्यक्ष करांच्या खटल्यांचा भरीव अनुभव मागतो. एलएलएम मागत नाही. ज्यांच्या निकालावर कोट्यवधींचा महसूल अवलंबून राहणार, त्यांना निवडताना संसदेने किती फाइली लढवल्या हे विचारलं, किती पदव्या घेतल्या हे विचारलं नाही.

यावर कुणीही म्हणेल, आणि रास्तच म्हणेल, की हक्क असणं वेगळं आणि काम येणं वेगळं. एलएलबीत करकायदा शिकवतात तरी किती? बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांनुसार अनिवार्य विषयांत करकायद्याच्या तत्त्वांचा एक पेपर आहे. सनदेनंतर द्याव्या लागणाऱ्या अखिल भारतीय बार परीक्षेत 100 पैकी 4 गुण कराला आहेत. एवढ्या शिदोरीवर व्यापाऱ्याच्या पन्नास लाखांच्या नोटिसीला उत्तर कसं द्यायचं?

आक्षेप वजनदार आहे, पण त्याच्या मुळाशी एक चुकीची समजूत आहे: करविषयक वाद म्हणजे दर, वजावटी आणि फॉर्म यांचे वाद. गेल्या काही वर्षांतले मोठे वाद समोर ठेवून पाहा. 1 एप्रिल 2021 पासून जुन्या वर्षांची प्रकरणं पुन्हा उघडण्याची पद्धत बदलली. आयकर खात्याने मात्र त्यानंतरही जुन्याच तरतुदीखाली देशभरात सुमारे 90 हजार नोटिसा काढल्या. कोविडकाळात मुदती वाढवणाऱ्या कायद्याखालच्या अधिसूचनांचा त्याला आधार होता. मुंबई उच्च न्यायालयासह अनेक उच्च न्यायालयांनी त्या नोटिसा रद्द केल्या. शेवटी 4 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपला विशेष अधिकार वापरून मधला मार्ग काढला. या साऱ्या लढाईचा प्रश्न एकच होता: संसदेने बदललेली तरतूद सरकार अधिसूचनेने जिवंत ठेवू शकतं का? हा प्रशासकीय कायद्यातला अगदी मूळचा प्रश्न आहे आणि एलएलबीचा विद्यार्थी तो शिकूनच बाहेर पडतो. त्या 90 हजार लोकांना टॅक्समधली पदव्युत्तर पदवी असलेला माणूस नको होता. अधिसूचनेची तारीख आणि मूळ कायद्याची तारीख शेजारी ठेवून वाचणारा वकील हवा होता.

दुसरं उदाहरण घ्या. भाड्याने देण्यासाठी मॉल बांधला, तर बांधकामावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं का? कायद्यात एका ठिकाणी 'संयंत्र किंवा यंत्रसामग्री' असे शब्द होते आणि व्याख्या होती ती 'संयंत्र आणि यंत्रसामग्री' या शब्दांची. 'किंवा' आणि 'आणि' यांतल्या फरकावर सफारी रिट्रीट्सचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 3 ऑक्टोबर 2024 रोजी न्यायालय म्हणालं की हे दोन शब्दप्रयोग वेगळे आहेत आणि एखादी इमारत 'संयंत्र' ठरू शकते का, हे तिच्या वापरावरून पाहावं लागेल. सरकारने 2025 च्या वित्त कायद्यात 'किंवा'चं 'आणि' केलं, तेही थेट 1 जुलै 2017 पासून. कायदा किती बारकाईने वाचावा लागतो ते यावरून कळतं. ही नजर तयार होते कायद्याचा मूळ मजकूर रोज वाचून, एकेका शब्दापाशी थांबून.

आणि हे फक्त मोठ्या कंपन्यांपुरतं आहे असं समजू नका. 2013 च्या भूसंपादन कायद्याखाली जमीन गेलेल्या शेतकऱ्याचं उदाहरण घ्या. मोबदल्यातून कर कापला जातो, पुढे नोटीस येते. 1961 चा आयकर कायदा कितीही चाळला तरी त्या मोबदल्याला पूर्ण सूट देणारं कलम सापडत नसे, कारण ते भूसंपादन कायद्यात होतं. तिथल्या कलम 96 ने निवाड्यावर आणि करारावर आयकर माफ केला आहे. ऑक्टोबर 2016 मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून ते मान्य केलं. फक्त आयकरापुरतं पाहणाऱ्याच्या नजरेतून ही गोष्ट सुटू शकते. भूसंपादन शिकलेल्या, सातबारा आणि फेरफार वाचता येणाऱ्या, निवाडा हातात धरलेल्या वकिलाच्या नजरेतून ती सुटू नये. वाटणीपत्र, मृत्युपत्र, एकत्र कुटुंबाची मिळकत, विकसन करार या सगळ्यांतून कर उगवतो. संविधानाचं कलम 265 सांगतं की कायद्याच्या अधिकाराशिवाय कर बसवता येत नाही आणि वसूलही करता येत नाही. कराच्या प्रत्येक वादाची मुळं तिथपर्यंत जातात. म्हणून एलएलबी झालेल्या मुलाने या क्षेत्रात उपऱ्यासारखं शिरण्याचं कारण नाही. हे त्याचं स्वतःचं घर आहे.

आता दुसरा मुद्दा: हे राज्य सीएंचं आहे. आहेच, आणि ते त्यांनी कष्टाने मिळवलं आहे. पण ते कशाच्या जोरावर मिळवलं, हे नीट पाहा. सीएची परीक्षा अवघड असते म्हणून? अवघड परीक्षा पुष्कळ आहेत. सीएचं खरं बळ आर्टिकलशिपमध्ये आहे. 2023 पर्यंत ती तीन वर्षांची होती, आता दोन वर्षांची आहे. वीस-एकवीस वर्षांचं पोर एखाद्या सीएच्या कार्यालयात जातं, गिऱ्हाइकाकडे बसून व्हाउचर तपासतं, बँकेचा हिशेब खतावणीशी जुळवतं, रिटर्न भरतं, साहेबांच्या मागून असेसमेंटला जाऊन गुपचूप ऐकतं. परीक्षा पास होईपर्यंत त्याने शंभर धंद्यांचे हिशेब हाताळलेले असतात. वकिलाच्या शिक्षणात असं काही नाही. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात 20 आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात 12 आठवडे इंटर्नशिप आहे, आणि त्यातली बरीचशी प्रमाणपत्रावरच संपते. तेव्हा सीएंकडून शिकायचं असेल तर त्यांची कामातून घडण्याची पद्धत शिका. त्यांच्याकडून परीक्षा देण्याची ईर्षा तेवढी उचलायची आणि घडण्याची रीत मागे ठेवायची, हा उलटा व्यवहार झाला.

मला स्वतःला हे फार लवकर आणि फार चांगलं शिकायला मिळालं. विक्रीकराचे दिवस होते. मी सांगलीत नवा होतो. हळदीच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात साठा कमी भरला होता, आणि अधिकाऱ्याने निष्कर्ष काढला होता की कमी भरलेला माल बिलाविना विकला. मी रात्रभर बसून सहा निवाडे काढले आणि सकाळी सिनिअरांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी ते चाळलेसुद्धा नाहीत. "गोदामात गेलास का?" एवढंच विचारलं. मी गेलो नव्हतो. मग ते मला मार्केट यार्डात घेऊन गेले. तिथे तोलाईदाराने सांगितलं की हळद साठवली की वाळते, वाळली की वजन उतरतं, आणि प्रत्येक हंगामात घट धरूनच व्यवहार होतात. आम्ही तीन वर्षांच्या खरेदीची आणि विक्रीची वजनं काढली. दर वर्षीची घट जवळजवळ सारखी निघाली. अपिलात ते एक पान पुरलं. माझे सहा निवाडे पिशवीतच राहिले. त्या दिवशी मला कळलं की करप्रकरणात कायदा शेवटी येतो. आधी धंदा समजावा लागतो, मग त्याचा हिशेब, आणि मग त्या हिशेबाला लागू पडणारं कलम.

आजही तेच चालतं. 8 नोव्हेंबर 2016 नंतर बँकेत रोकड भरलेल्या छोट्या व्यापाऱ्यांची प्रकरणं पाहा. रोकड कुठून आली याचा खुलासा पटला नाही, तर ती बेहिशेबी उत्पन्न धरली जाते आणि अधिभार, उपकर धरून करच पाऊण रकमेच्या वर जातो. अशा प्रकरणात रोजमेळ हाच पुरावा. त्या दिवशी सकाळी गल्ल्यात किती शिल्लक होती, आधीच्या वर्षी त्याच महिन्यात रोख विक्री किती होती, बँकेतून काढलेले पैसे कुठे गेले, हे ज्याला रोजमेळातून वाचून दाखवता येतं त्याचा पक्षकार सुटण्याची आशा असते. पुराव्याचा कायदा एलएलबीत शिकवतात. रोजमेळ वाचायला शिकायला सहा महिने पुरतात. त्यासाठी दोन वर्षांची पदवी लागत नाही. एखाद्या सीएच्या किंवा कर सल्लागाराच्या कार्यालयात मान खाली घालून बसावं लागतं.

तिसरा मुद्दा असा: कायदा इतका गुंतागुंतीचा आणि इतका बदलता, तर विशेष शिक्षणाशिवाय तो पेलणार कसा? या मुद्द्याने तर एलएलएमचीच बाजू कमकुवत होते. 1961 चा आयकर कायदा गेला आणि 2025 चा कायदा 1 एप्रिल 2026 पासून लागू झाला. कलमांची संख्या 536 वर आली, क्रमांक बदलले, 'मागील वर्ष' आणि 'कर निर्धारण वर्ष' ही जोडी जाऊन 'कर वर्ष' आलं. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीच्या दरांची फेरमांडणी झाली, 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे गेले. जीएसटीच्या मागणीच्या नोटिसांसाठी 73 आणि 74 या कलमांच्या जागी 2024-25 पासूनच्या वर्षांना 74ए लागू झालं. विद्यापीठाचा अभ्यासक्रम बदलायला जो वेळ लागतो तेवढ्यात कायदा दोनदा बदलतो. नव्या मुलांनी एक गोष्ट ओळखावी: जुन्या कलमांचे क्रमांक ज्यांना तोंडपाठ होते, त्या आम्हा साठीकडे झुकलेल्यांनाही नवा कायदा पहिल्या पानापासून वाचावा लागतो आहे. नवख्या वकिलात आणि आमच्यात इतकं कमी अंतर याआधी क्वचितच उरलं असेल. ही वेळ वर्गात घालवायची नाही.

नानी पालखीवालांचं नाव या चर्चेत हमखास निघतं. कुणी म्हणतं, ते असामान्य होते, त्यांचा दाखला देऊ नका. बुद्धीचा दाखला मी देतच नाही. मला त्यांच्या घडण्याचा क्रम महत्त्वाचा वाटतो. त्यांची एम.ए. होती ती इंग्रजी साहित्यात. कायद्याची पदवी घेतल्यावर ते जमशेटजी कांगांच्या चेंबरमध्ये गेले, आणि 1950 मध्ये, वयाच्या तिशीत, कांगांच्या जोडीने आयकरावरचा तो ग्रंथ लिहिला, ज्याच्या आवृत्त्या आजही वकिलांच्या कपाटात असतात. त्यांनी अभ्यास केला नाही असं कोण म्हणेल? अफाट केला. पण तो चेंबरमध्ये, हातातल्या कामाच्या आधाराने केला. प्रतिभा प्रत्येकाकडे नसते. हा क्रम मात्र प्रत्येकाला पाळता येतो.

मग एलएलएम कुणीच करू नये का? असं मी म्हणत नाही. ज्याला कायदा शिकवायचा आहे त्याने एलएलएम करावा, नेट किंवा सेट द्यावी; अध्यापनाची ती अटच आहे. ज्याला आंतरराष्ट्रीय करांत जायचं आहे, दोन देशांमधले करार, परदेशी कंपनीचं भारतातलं अस्तित्व, एकाच समूहाच्या कंपन्यांमधले व्यवहार आणि त्यांच्या किमती यांत ज्याला बुडायचं आहे, त्याला खास शिक्षणाचा खरोखर फायदा होतो. व्होडाफोनच्या 2012 च्या निकालासारखं प्रकरण समजून घ्यायला परदेशांतली करव्यवस्थाही माहीत असावी लागते. अमेरिकेत टॅक्समधल्या एलएलएमला वजन आहे आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाचं नाव तिथे आदराने घेतलं जातं. पण तिथली रीत इथल्या मुलाच्या गळ्यात जशीच्या तशी घालू नये. आपल्याकडचा बहुतेक करवकील आयकर न्यायाधिकरणाच्या मुंबई, पुणे, नागपूर किंवा पणजी खंडपीठापुढे, जिल्ह्याच्या जीएसटी कार्यालयात आणि उच्च न्यायालयात आयुष्य काढतो. त्याने तीन-चार वर्षं काम करावं, कामात अडलेले प्रश्न गोळा करावेत, आणि मग वाटलं तर एलएलएम करावा. तेव्हा त्याला त्या पदवीकडून काय हवं ते माहीत असेल. प्रश्न पडण्याआधी उत्तरं पाठ करण्यात काही अर्थ नाही.

आता सगळ्यात बळकट आक्षेप, जो एका मुलीने माझ्या तोंडावर सांगितला आणि ज्याने मला कित्येक दिवस झोप येऊ दिली नाही. ती लातूर जिल्ह्यातली, घरातली पहिली पदवीधर. ती म्हणाली, "सर, तुम्हाला सिनिअर मिळाले. आम्हाला कोण चेंबरमध्ये घेणार? वशिला नाही, इंग्रजी सफाईने येत नाही, वर्षभर फुकट राबायची ऐपत नाही. पदवी दाखवली तर निदान कुणी बायोडेटा वाचतं."

तिचं म्हणणं अक्षरशः खरं आहे, आणि त्यात दोष तिचा नाही, आमचा आहे. आमच्या व्यवसायाने शिकाऊ वकिलाला शिकवायची व्यवस्थाच उभी केली नाही. बार कौन्सिलने 1995 मध्ये सनदेआधी एक वर्षाच्या प्रशिक्षणाचे नियम केले. सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये व्ही. सुधीर प्रकरणात ते रद्द केले, कारण तसे नियम करायचा अधिकार कायद्याने कौन्सिलला दिलेला नव्हता. त्यानंतर कायदा बदलून असं प्रशिक्षण आणण्याचं काम कुणी तडीस नेलं नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिलने परिपत्रक काढलं, की नव्या वकिलांना शहरांत दरमहा किमान 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार रुपये द्यावेत. ती शिफारस आहे, सक्ती नाही. किती सिनिअर ती पाळतात, हे कोणत्याही तालुक्याच्या बाररूममध्ये विचारून पाहा.

आणि तरीही कामाचा अनुभव किती मोलाचा हे सगळ्यांना माहीत आहे. 20 मे 2025 रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. ज्याने न्यायालयात काम केलेलं नाही त्याला न्यायासनावर बसवू नये, ही त्यामागची भूमिका. मग तेच करवकिलाला का लागू पडू नये? न्यायाधीश व्हायला जे शिक्षण आवश्यक ठरतं, ते त्या मुलीला मिळवून देणं ही आमची जबाबदारी आहे. ती पार न पाडता तिला "बाळ, आधी एलएलएम कर" असं सांगणं म्हणजे आमचं ओझं तिच्या बापाच्या खिशावर टाकणं आहे.

एलएलएमने तिचा प्रश्न सुटतही नाही. दोन वर्षांनी ती त्याच दारात येईल, वय दोन वर्षांनी वाढलेलं, डोक्यावर कर्ज, आणि दार तेवढंच बंद. म्हणून मी तिला जे सांगितलं तेच इथे लिहितो. मुंबईतल्या मोठ्या चेंबरच्या पायऱ्या झिजवू नकोस. आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या सीएकडे किंवा कर सल्लागाराकडे जा. त्यांच्याकडे जीएसटीच्या नोटिसांचा ढीग आहे आणि नीट उत्तर लिहून देणाऱ्यांची वानवा आहे. तू उत्तर लिही, ते तुला हिशेब शिकवतील. एका दुकानाची वर्षाची रिटर्नं स्वतः भर, पुरवठादारांनी दाखवलेली बिलं आणि आपलं क्रेडिट ओळ न ओळ जुळवून बघ. नवा आयकर कायदा रोज दहा पानं वाच. आयकर न्यायाधिकरणाचे आदेश मोफत वाचायला मिळतात. आठवड्याला तीन वाच आणि प्रत्येकाचा सारांश अर्ध्या पानात मराठीत लिही. मराठीत लिहिता आलं नाही तर समजलेलं नाही असं समज. महिन्यातून दोन दिवस पुण्याच्या खंडपीठात मागच्या बाकावर बसून ऐक. सुनावणी खुली असते, कुणी हटकत नाही. आयकराची छाननी आता बहुतांशी चेहऱ्याविना चालते, उत्तर लेखी जातं. लिहिणारी मुंबईत बसली आहे की लातूरला, हे अधिकाऱ्याला दिसत नाही. त्याला फक्त लिहिलेलं दिसतं.

आज हातांची किती गरज आहे, तेही पाहा. जीएसटी 2017 ला आला आणि त्याच्या अपिलीय न्यायाधिकरणाचं उद्घाटन व्हायला सप्टेंबर 2025 उजाडला. इतक्या वर्षांची साचलेली अपिलं आता उभी राहणार. खाली, व्यापाऱ्याच्या पातळीवर, परिस्थिती याहून वाईट आहे. नोटीस पोर्टलवर कुठल्यातरी कोपऱ्यात पडते, किराणा दुकानदाराला तिचा पत्ता नसतो. प्रतिकूल आदेश करायचा असेल तर सुनावणी द्यावीच लागते, असं जीएसटी कायद्याचं कलम 75 सांगतं. तरी सुनावणीविना आदेश निघतात आणि बँक खातं गोठल्यावर माणूस जागा होतो. उच्च न्यायालयांनी असे आदेश वारंवार रद्द केले आहेत. पण तिथपर्यंत पोचतो तो ज्याला ऐपत आहे. बाकीचे निमूटपणे भरतात, किंवा दुकानाला टाळं लावतात.

म्हणून दोन विनंत्या. पहिली माझ्या पिढीतल्या करवकिलांना आणि सीए मित्रांना. प्रत्येकाने एका नव्या वकिलाला जवळ करा, शिफारशीइतके तरी पैसे दरमहा द्या, आणि वर्षातून निदान पाच फाइली सुरुवातीपासून शेवटापर्यंत त्याच्या हातात ठेवा. आम्हाला कुणीतरी गोदामापर्यंत नेलं होतं. ते ऋण असंच फिटतं.

दुसरी, नुकतीच सनद घेतलेल्या मुलामुलींना. जीएसटीच्या आदेशाविरुद्ध अपील करायला व्यापाऱ्याला तीन महिने मिळतात, पुरेसं कारण असेल तर आणखी एक महिना, आणि अपिलासोबत वादातल्या कराचे दहा टक्के भरावे लागतात. चौथा महिना उलटला की अपिलाचं दार बंद. तुमच्या गल्लीत आज असा आदेश पडलेला आहे. तो माणूस तुमच्या एलएलएमची दोन वर्षं थांबू शकत नाही. आज त्याच्याकडे जा, त्याची वही मागा आणि वाचायला बसा.